कारीसाहेबांचे दात

एमपीथ्री प्लेअर नवे होते तेव्हा त्यांचा आवाज कसा पारखला जायचा, हे २००५-०६ च्या सुमारास नगरच्या कापडबाजाराच्या आसपास ज्यांनी एखादा तरी प्लेअर घेतला असेल त्यांना आठवेल. (नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. जुन्या गोष्टी सांगताना जुनंच नाव तोंडात येतं.) काउंटरच्या काचेखाली आगपेटीएवढ्या डब्या मांडलेल्या असायच्या. दुकानदार त्यातली एक उचलणार, इअरफोन आपल्या शर्टाला पुसणार आणि तुमच्या कानात देणार. गाणं त्याच्या पसंतीचं. दहा सेकंदांत डोक्यात ढब्ब ढब्ब सुरू. मग तो हातानेच विचारणार, "काय बेस आहे ना?" आपण मान डोलवायची. झाली परीक्षा.

या परीक्षेत विषय दोनच. खर्ज किती दणकतो आणि आवाज किती मोठा होतो. प्लेअरमध्ये रॉक, पॉप, जॅझ, क्लासिक असे पर्याय असत. कव्वाली असा पर्याय कधी दिसला नाही, भजन असाही नाही. दुकानदार बहुतेक वेळा 'रॉक'वर लावून द्यायचा, कारण त्यात खालचे आणि वरचे सूर दोन्ही फुगवलेले असतात आणि पहिल्या दहा सेकंदांत माणूस गार होतो. अर्ध्या तासानं डोकं दुखतं, पण तोवर आपण एसटीत बसलेलो असतो.

त्यातही मोठा आवाज हा फार लबाड परीक्षक आहे. एकच गाणं दोनदा ऐकवा, दुसऱ्यांदा कळेल न कळेल इतकंच मोठं. ऐकणारा "हे मोठं आहे" असं म्हणत नाही. "हे जास्त स्वच्छ आहे" असं म्हणतो. जगभर ज्यांनी आवाजाची उपकरणं गंभीरपणे तपासली त्यांनी म्हणूनच पहिला नियम हा केला की तुलना करायच्या दोन्ही गोष्टींचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा, आणि कोणती कुठली हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आपल्याकडे परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकतात, तसंच हे.

मी तेव्हा नुकताच बी.एड. होऊन एका उर्दू हायस्कूलमध्ये शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो. विषय दोन, उर्दू आणि मराठी. घरची बोली दखनी. दखनीत 'क़' नसतोच, तिथे 'ख़' येतो. कलम आमच्याकडे 'ख़लम' असते आणि कब्रस्तान 'ख़ब्रस्तान'. त्यामुळे नगर-औरंगाबादकडच्या उर्दू शिक्षकाला आधी स्वतःची जीभ वळवावी लागते, मग मुलांची. उर्दूचा तास संपला की मराठीचा. तिथे अडचण वेगळी. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च एक नाही, आणि पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग यांच्यात फक्त जिभेच्या टोकाचा फरक आहे, हे उर्दू माध्यमाच्या मुलांना वर्षभर सांगावं लागतं. लिहिण्यात तो फरक दिसत नाही. तो कानानंच धरावा लागतो. बी.एड.ला श्रवण, भाषण, वाचन, लेखन हा क्रम सगळे पाठ करतात. त्यातलं श्रवण कसं शिकवायचं ते मात्र कुणी शिकवत नाही, पोरांच्या चुका ऐकून ऐकून मास्तरच शिकतो.

असा कान घेऊन मी त्या डब्या ऐकत होतो. खर्जाकडे लक्ष जायच्या आधी माझं लक्ष स, श, ज़ यांच्याकडे जायचं आणि त्यानंतर टाळीकडे. ही माझी सवय होती, शास्त्र नव्हतं. पण पुढे थोडं वाचल्यावर कळलं की सवय योग्य ठिकाणी बोट ठेवत होती.

'स' म्हणताना गळा वाजत नाही. दातांच्या फटीतून हवा शिट्टीसारखी जाते. तिचा जोर फार वरच्या पट्टीत असतो, चार-पाच हजार हर्ट्झच्या वर. जुन्या टेलिफोनची वाट ३०० ते ३४०० हर्ट्झपुरती. म्हणून फोनवर नाव सांगताना 'स' आणि 'फ' यांचा घोटाळा होतो आणि आपण "सांगलीचा स" म्हणून ओरडतो. फोन करणाऱ्याचं काम तरीही भागतं, कारण उरलेलं वाक्य तो मनानं भरतो. नात ऐकणाऱ्याचं, कव्वाली ऐकणाऱ्याचं, अभंग ऐकणाऱ्याचं भागत नाही. आपल्याकडे गाणं म्हणजे आधी शब्द.

आता हे एमपीथ्री प्रकरण थोडक्यात. सीडीमध्ये आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, तेही दोन्ही कानांसाठी वेगवेगळे. त्याचे दर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट होतात. जर्मनीतल्या एरलांगेनमध्ये फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओझं उतरवण्याची युक्ती शोधली. माणसाचा कान सगळं ऐकत नाही. पिठाची गिरणी चालू असताना शेजारी बांगड्या वाजल्या तर त्या ऐकू येत नाहीत. मोठा आवाज जवळच्या लहान आवाजाला झाकतो. मग जे झाकलंच जाणार आहे ते कशाला जपून ठेवायचं? ते टाकलं की १४११ चे १२८ होतात, अकरा हिश्श्यांतला एक. १४ जुलै १९९५ रोजी या फायलींना '.एमपीथ्री' हे शेपूट लावायचं ठरलं. १९९८ मध्ये कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेचा डायमंड रिओ हे खिशातले प्लेअर आले. त्यांत जागा ३२ एमबी. १२८ च्या दरानं मिनिटाला जवळपास एक एमबी लागतो, म्हणजे अर्ध्या तासाचं गाणं. इंग्रजी गाणी सात-आठ बसत असतील. आमची एखादी कव्वाली वीस मिनिटांची. एक पुरी आणि दुसरीचा मुखडा.

ब्रांडेनबुर्ग यांची एक गोष्ट मला फार आवडते. पद्धत तयार होत आली असं वाटत असताना त्यांनी सुझान वेगा या अमेरिकन गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे १९८७ च्या अल्बममधलं गाणं तिच्यावर चालवून पाहिलं. वाद्य एकही नाही, एकट्या बाईचा आवाज. मोठमोठ्या वाद्यवृंदांत जी पद्धत बऱ्यापैकी चालत होती ती या एकट्या आवाजापाशी अडखळली. मग त्यांनी ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकत पद्धत दुरुस्त केली. यात नवल नाही. माणसाच्या आवाजात काय खोटं आहे ते आपल्याला आईच्या मांडीवर असल्यापासून कळतं. आणि एकटा आवाज असला की झाकायला मागे कुणी नसतं.

टाळीचं दुखणं निराळं. एमपीथ्री आवाजाचे तुकडे करून काम करतो, एकेक तुकडा तेरा ते सव्वीस मिलिसेकंदांचा. तुकड्यात टाकाटाकी केली की जी थोडी खरखर उरते ती त्या सगळ्या तुकड्यावर पसरते. टाळी तुकड्याच्या शेवटी असली तर तिची खरखर तिच्या आधीच ऐकू येते. वाजण्याआधीच टाळीची सावली पडते आणि तिची धार जाते. यावर उपाय म्हणून गरजेप्रमाणे लहान तुकडे करायची सोय पद्धतीत आहे, पण त्याला बिट जास्त लागतात, आणि ६४ च्या फायलीत जास्तीचे बिट कुठून आणणार? आता कव्वाली म्हणजे काय? सात-आठ जणांच्या टाळ्या, खाली ढोलक, वर हार्मोनियमची दाट भिंत आणि त्यावर चढलेला आवाज. एमपीथ्रीची परीक्षा घ्यायला याहून अवघड पेपर कुणी काढू शकणार नाही. ६४ वर टाकलेल्या कव्वालीत टाळ्या ऐका: कढईत पाण्याचे थेंब पडल्यासारखं चर्र होत राहतं.

आमच्या स्टाफरूममध्ये एकदा यावरून वाद पेटला. माझ्याकडे साडेआठशे रुपयांचा क्लिपवाला प्लेअर, आत पेन्सिल सेल. विज्ञानाच्या सरांकडे सोनी एरिक्सनचा डब्ल्यू ८०० वॉकमन फोन, २००५ चा, केशरी रंगाचा. पीटीच्या सरांच्या भावानं जेद्दाहून आयपॉड शफल आणलेला, पडदा नसलेला, पांढरा, च्युइंगमच्या पुडीसारखा. प्रत्येकाला आपलाच आवाज भारी. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या सरांनी परीक्षा रीतसर घ्यायचं ठरवलं. तिन्हींत 'बरसात की रात' या १९६० च्या सिनेमातली ती बारा मिनिटांची कव्वाली, रोशन यांच्या संगीतातली. सीडीवरून घेतलेली, एकदा १२८ वर, एकदा ६४ वर. इअरफोन एकच, सगळ्यांना तोच. फोनच्या वायरीला मध्ये साधी पिन जोडायची सोय होती म्हणून हे जमलं. सुरुवातीच्या हार्मोनियमचा सूर लावून तिन्हींचा आवाज कानानं सारखा केला. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर रुमाल, प्रत्येकाला पाच-पाच फेऱ्या.

निकाल मला अजून पाठ आहे. फोन आणि शफल यांतला फरक पीटीचे सर सोडून कुणालाच सांगता आला नाही. नाणं उडवल्यासारखी उत्तरं. माझा प्लेअर सगळ्यांनी ओळखला, पण गाण्यावरून नव्हे. गाणं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत त्याची सूं ऐकू यायची आणि दिवा लागला की टिक व्हायचं. ६४ आणि १२८ मात्र प्रत्येकानं, प्रत्येक वेळी, प्रत्येक यंत्रावर ओळखलं. आमच्या क्लार्कसाहेबांनीसुद्धा, ज्यांनी आधीच जाहीर केलं होतं की गाणं-बिणं आपला प्रांत नाही. म्हणजे लोक ज्या डबीला शिव्या देत होते किंवा जिची तारीफ करत होते, तिचा वाटा थोडाच होता. बरावाईटपणा बहुतेक फायलीचा होता. आणि त्यानंतर इअरफोनचा. दुसऱ्या दिवशी डबीबरोबर फुकट मिळालेला इअरफोन लावून पाहिला तेव्हा शफलसुद्धा पत्र्याच्या डब्यातून गाऊ लागला.

पीटीच्या सरांनी शफल पाचच्या पाच वेळा ओळखला तेव्हा आम्हाला वाटलं रुमालाखालून बघतात. ते ढोलक वाजवतात. म्हणाले, "इसमें बायाँ हाथ पूरा सुनाई देता है." डावा हात म्हणजे ढोलकचा घुमारा. याचं कारणही पुढे वाचायला मिळालं. प्लेअरमधून इअरफोनकडे जाणाऱ्या वाटेवर बहुतेक यंत्रांत एक कपॅसिटर बसवलेला असे. नको ती स्थिर वीज अडवणं हे त्याचं काम. पण तो लहान असला तर खर्जालाही अडवतो. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सोळा ओहमचा इअरफोन असा जोडा असला तर साधारण शंभर हर्ट्झपासून खाली आवाज उतरायला लागतो, आणि घुमारा तिथेच राहतो. जानेवारी २००५ मध्ये आलेल्या पहिल्या शफलमध्ये ही अडचण नव्हती. 'पीसी मॅगझीन'च्या बिल मॅक्रोन यांनी यंत्र लावून मोजलं तेव्हा महागड्या, मोठ्या आयपॉडपेक्षा या धाकट्याचा खर्ज सरस निघाला. मॅक्रोन यांना यंत्र लागलं, आमच्या सरांना डावा हात पुरला.

त्या दिवशी शेजारच्या मशिदीत मुलांना नाजरा शिकवणारे हाफिजसाहेब चहाला आले होते. सगळे ऐकतायत म्हटल्यावर त्यांनी खिशातून आपला प्लेअर काढला. रमजानच्या तयारीसाठी कुणीतरी त्यांना भरून दिला होता. २५६ एमबीमध्ये अख्खे तीस पारे. मी हिशेब केला: सावकाश किराअतीला पंचवीस-तीस तास लागतात, ते एवढ्याशा जागेत बसवायचे तर दर सोळा किलोबिटच्या वर नेता येत नाही. त्यासाठी सेकंदाचे नमुने ४४,१०० वरून बहुधा ११,०२५ वर आणतात, आणि मग साडेपाच हजार हर्ट्झच्या वरचं काहीही शिल्लक राहत नाही. हे गणितानंच ठरलेलं आहे. हाफिजसाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "आवाज तो माशाअल्लाह. मगर ये कारी साब के दातां गिर गए क्या?"

आम्ही हसलो. मग त्यांनी समजावून सांगितलं. अरबीत 'से', 'सीन' आणि 'साद' हे तीन वेगळे उच्चार आहेत. उर्दूत आपण तिन्हींचा 'स' करून मोकळे होतो, पण तिलावतीत तसं चालत नाही. 'से'ला जिभेचं टोक दातांना लागतं, 'सीन'ला शिट्टी निघते, 'साद' भरीव होतो. या प्लेअरमध्ये तिन्ही जवळपास एकच ऐकू येत होते. हाफिजसाहेबांना काही फरक पडत नव्हता, त्यांना सगळं तोंडपाठ. "मगर बच्चे इसको सुन के सीखेंगे तो?" म्हणाले, आणि चहा संपवून प्लेअर खिशात टाकला.

हा प्रश्न माझ्या घरात सतरा-अठरा वर्षांनी आला.

माझे मामू नात पढायचे. पोट पुस्तकं बांधण्यावर चालायचं, पण मिलादच्या महफिलींना त्यांना नेवाशापासून जामखेडपर्यंत बोलावणं असे. वाद्य नाही, काही नाही, एकटा आवाज. ऐंशी-नव्वदच्या दशकांत लोकांनी टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्यांच्या कॅसेटी केल्या. मामूंचा इंतकाल झाल्यावर मामेभावानं त्या एका दुकानात देऊन एमपीथ्री करून आणल्या. तेव्हा सगळेच ते करत होते. दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं आणि दुकानदार जास्तीत जास्त गाणी बसवण्यात भूषण मानायचा. फायली ६४ च्या, नमुने २२,०५०. त्यात कॅसेटची आणखी एक अडचण. टेपची सूं हा सगळ्या पट्ट्यांत पसरलेला आवाज. त्यात झाकण्यासारखं, टाकण्यासारखं काही सापडत नाही. एमपीथ्री आपले तुटपुंजे बिट त्या सूंवर खर्च करतो आणि गाणाऱ्याला उपाशी ठेवतो. शेवटी सूंसुद्धा सूं राहत नाही, पाण्याखाली बुडबुडे यावेत तशी होते. काम झालं म्हणून कॅसेटी घरातल्या टेपरेकॉर्डरबरोबर भंगारात गेल्या.

मामूंची नात आता दहा वर्षांची आहे. गळा आजोबांचा घेतलाय. मोबाईलवर त्या फायली ऐकून ऐकून तिनं चार नाती बसवल्या. मागच्या वर्षी तिनं मला एक म्हणून दाखवली. सूर अचूक, थांबे अचूक, आणि प्रत्येक 'स' जीभ दातांत धरून, मऊ, हवा सुटल्यासारखा. मी म्हटलं, "बेटा, स को सीटी होना." तिनं मोबाईल पुढे केला. "दादाजान ऐसाच पढ़ते थे. सुनो."

ऐकलं. फाईलमध्ये तसंच आहे. माझ्याकडे पुरावा काय? मी मामूंना समोर बसून ऐकलंय. पहाटे बांधणीच्या लाकडी दाबाजवळ उभं राहून ते रियाज करायचे तेव्हा त्यांचा 'स' बाहेरच्या गल्लीत ऐकू यायचा. पण हे मी सांगणार आणि ती ऐकणार. तिच्या हातात रेकॉर्डिंग आहे, माझ्याकडे आठवण. शाळेत आम्हीच मुलांना शिकवतो की पुरावा बघा.

शेवगावच्या खालाजानकडे दोन कॅसेटी निघाल्या. एकीवर मामूंच्याच अक्षरात उर्दूत तारीख आणि गाव. या दुकानातून गेल्या नव्हत्या, कारण खालाजान कुणाला काही देत नाहीत. मलाही त्यांनी तीन चकरा मारल्यावर दिल्या. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक जुना डेक आणला, त्याचा रबरी पट्टा बदलून घेतला.

पहिल्यांदा लावलं तेव्हा आवाज गोधडीखालून आल्यासारखा. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. ज्या टेपवर रेकॉर्डिंग झालं त्याचा हेड जितका तिरका, तितकाच आपला तिरका करावा लागतो. केसभर फरक पडला तरी वरची पट्टी जाते. त्यासाठी महागडं यंत्र असतं म्हणे. नसेल तर कान. पोरीला शेजारी बसवलं, तिच्या कानाला हेडफोन लावले, कारण माझ्या पंचेचाळिशीच्या कानांपेक्षा तिचे कान वरचं जास्त ऐकतात. कॅसेट लावली आणि मी छोट्या स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू फिरवायला लागलो. थोडा इकडे, थोडा तिकडे. "अब?" "नै." "अब?" "नै." मग तिनं हात वर केला आणि काही न बोलता हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

स्क्रू तिथेच ठेवला. लॅपटॉपवर काहीही न टाकता, सीडीच्या दरानं रेकॉर्ड करायला लावलं. साठ मिनिटांच्या कॅसेटला ६३५ एमबी लागतात, एमपीमॅनसारखे जवळपास वीस प्लेअर. ए साइड त्या रविवारी झाली. बी साइडवर टेप दोन ठिकाणी चुरगळली आहे, ती आधी सरळ करावी लागेल.